शब्बाथशाळेचा पाठ: ज्याला कोणी नाहीं असा रोगी
(योहान ५:१-१५)

बेथेस्दा तळ्याच्या पडव्यांत पुष्कळ रोगी पडून असत. त्यांत एक मनुष्य ३८ वर्षें आजारी होता. बरें होण्याची इच्छा आहे काय, असें प्रभूनें त्यास विचारिलें. तेव्हां तो आपल्या दुखण्याविषयीं कांहींच बोलला नाहीं; आपणास पाण्यांत सोडणारें कोणी माणूस नाहीं, एवढेंच त्यानें सांगितलें.

भोंवतीं गर्दी असून तो एकटा होता. आपल्या गांवांतही असेंच घडतें. मजुरावर क्षयाचें दुखणें आलें म्हणजे प्रथम मजुरी जाते, मग उसनवारी बंद होते, मग ओसरीवर कोणी येईनासें होतें. तो उपासनेस येत नाहीं, तेव्हां त्याचा विश्वास थंडावला असें आपण म्हणतों. खरें कारण बहुधा हें कीं, वर्गणी थकली आहे, धड वस्त्र नाहीं, आणि खोकल्याची उबळ आली कीं सतरंजीवरचा शेजारी सरकून बसतो.

क्षय श्वासावाटे पसरतो, हें खरें. परंतु भांड्यांनीं तो पसरत नाहीं. आणि योग्य औषध नियमित चालू झाल्यावर कांहीं आठवड्यांत संसर्गाचें भय पुष्कळच कमी होतें. कुष्ठरोगावर अनेक औषधांचा एकत्र उपचार जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं सुचविला, व त्यानें तो बरा होतो. तरी ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यांतून कुष्ठाचें कारण २०१९ सालीं निघालें. मोजून पाहा, हींही ३८ च वर्षें!

रोग्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें, असें याकोबानें लिहिलें आहे (५:१४). पण गरीब रोगी बोलावीत नाहीं; आलेल्यास चहा देण्यापुरती साखर घरांत नाहीं, याची त्यास लाज वाटते. बेथेस्दाच्या रोग्यानेंही प्रभूस बोलाविलें नव्हतें. प्रभु आपण होऊन त्याजकडे गेला. यास्तव उपदेशकांनीं बोलावण्याची वाट पाहूं नये. दाराशीं उभ्यानें प्रार्थना करून निघणें ही भेट नव्हे, (हा दोष मजकडूनही घडला आहे.) अंगणांत मोकळ्या हवेंत त्याजजवळ बसावें, त्याच्या घरचें पाणी प्यावें, औषधाच्या दिवशीं दवाखान्यापर्यंत सोबत जावें. क्षयरोग्यास आहारासाठीं सरकारांतून मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे. ती खात्यांत येते कीं नाहीं, हें निरक्षर रोग्यास कोणी तरी पाहून दिलें पाहिजे.

वर्गासाठीं प्रश्न: गेले तीन रविवार आपल्यांत कोण दिसलें नाहीं? त्याजकडे या आठवड्यांत कोण जाईल, व कोणत्या दिवशीं?