खोटा गेम कंपनीला कळतो कसा?

प्रश्न : भाच्यासाठी मी वापरलेला निन्टेंडो स्विच विकत घेतला. घरात दोन महिने उत्तम चालला. परवा पहिल्यांदाच वायफायला जोडला, तर या यंत्राला ऑनलाइन सेवा बंद केल्याचा संदेश आला. दुकानदार म्हणतो, आधीच्या मालकाने क्रॅक केलेले गेम टाकले असतील. मी सगळं पुसून रीसेट केलं, तरी तेच. कंपनी जपानमध्ये, यंत्र सांगलीत. तिला कळलं कसं? आणि आमच्या भाच्याने काय केलं?

उत्तर : भाच्याने काहीही केलेलं नाही, हे आधी त्याला सांगून टाका. बंदी तुमच्या घरी आलेली नाही. ती बहुधा आधीच्या मालकाच्या काळातच लागली होती. तुम्ही वायफाय जोडलं नव्हतं म्हणून दोन महिने दिसली नाही, इतकंच.

आता कळलं कसं ते पाहू. कंपनी दुरून आपल्या यंत्रात डोकावते आणि चोरीचा माल हुडकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. यंत्रं स्वतःबद्दलची काही माहिती कंपनीला पाठवतात, हे खरं आहे. पण मुख्य तपासणी उलट्या दिशेने चालते. ऑनलाइन यायचं असेल तर यंत्राने आणि गेमनेच आपला खरेपणा सिद्ध करायचा असतो. चोरीच्या गेमला ते जमत नाही आणि तिथेच तो सापडतो.

स्विच २०१७ च्या मार्चमध्ये बाजारात आला. प्रत्येक स्विचमध्ये कारखान्यातच एक डिजिटल प्रमाणपत्र घातलेलं असतं. ते त्या एका यंत्राचंच असतं, दुसऱ्या कुठल्याही स्विचकडे तसं नसतं. वायफाय जोडलं की यंत्र आधी हे प्रमाणपत्र सर्व्हरला दाखवतं. तुम्ही खातं उघडलेलं नसलं, नाव दिलेलं नसलं, तरी कोणतं यंत्र दारात आलंय हे सर्व्हरला लगेच समजतं.

मग गेमची पाळी येते. दुकानातल्या प्रत्येक गेमकार्डाला, म्हणजे आपण पूर्वी ज्याला कॅसेट म्हणायचो त्याला, स्वतःचं वेगळं प्रमाणपत्र असतं. एकाच गेमची दोन कार्डं घेतली तरी त्यांची प्रमाणपत्रं निराळी असतात. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या गेमसोबत तिकीट नावाची एक छोटी फाइल येते. गेम कोणता आणि तो कुठल्या खात्यासाठी व कुठल्या यंत्रासाठी दिला, याची नोंद तिच्यात असते. या दोन्हींवर निन्टेंडोची डिजिटल स्वाक्षरी असते. स्वाक्षरी करायची गुप्त किल्ली फक्त कंपनीकडे असते. स्वाक्षरी तपासणं सोपं असतं, पण त्या किल्लीशिवाय ती नव्याने करणं आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. त्यामुळे गेमची चित्रं, आवाज, नियम सगळं हुबेहूब उतरवून घेता येतं, पण तिकिटात खात्याचा क्रमांक बदलला की स्वाक्षरी जुळेनाशी होते. असा गेम ऑनलाइन खेळायला गेलं, की कोणत्या यंत्राने खोटं तिकीट दाखवलं याची नोंद सर्व्हरवर होते.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल की खऱ्या कार्डाचं प्रमाणपत्रच जसंच्या तसं उतरवून घेतलं तर? ते करता येतं आणि लोक करतातही. तेव्हा स्वाक्षरी अगदी बरोबर जुळते. पण एकाच बर्थचं तिकीट घेऊन दोन प्रवासी उभे राहिले, की दोन्ही तिकिटं खरी असणं शक्य नाही हे टीसीला कागद न तपासताही कळतं. एकच कार्ड एकाच वेळी दोन यंत्रांत चालू दिसलं, की सर्व्हरलाही तेच कळतं.

या तपासणीची एक दुखरी बाजू आहे. समजा, एकाने कार्डाची प्रत काढून स्वतःकडे ठेवली आणि मूळ कार्ड विकून टाकलं. घेणारा प्रामाणिक असतो, त्याच्या हातात खरं कार्ड असतं, तरी सर्व्हरच्या लेखी तो दोन संशयितांपैकी एक ठरतो. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आल्यानंतर अशा तक्रारी ऐकू आल्या. खरेदीचे पुरावे दाखवल्यावर बंदी उठल्याचंही सांगितलं गेलं. मला हा प्रकार अन्यायाचा वाटतो. पुरावा देण्याची जबाबदारी ज्याने काहीच केलं नाही त्याच्यावर पडते.

इंटरनेट नसतानाच्या काळात ही ओळख तबकडीतच दडवावी लागे. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या तबकडीवर सुरुवातीच्या भागातली चर सूक्ष्म नागमोडी असे आणि त्या नागमोडीत चार अक्षरं लपवलेली असत. घरच्या सीडी रायटरला ती चर काढता येत नसे. म्हणून लोक यंत्रात मॉडचिप बसवून घेत. ती चिप तबकडीऐवजी स्वतःच ती अक्षरं सांगत राही. त्यावर गेम बनवणाऱ्यांनी युक्ती केली. खऱ्या तबकडीवर जिथे अक्षरं नसतातच, तिथे गेम मुद्दाम ती आहेत का ते पाहू लागला. तिथेही चिपने अक्षरं ऐकवली, की ती पकडली जाई. मग पहिल्यांदा अक्षरं सांगून नंतर गप्प बसणाऱ्या चिप निघाल्या.

एक्सबॉक्स ३६० च्या वेळी हा खेळ ऑनलाइन आला. त्याच्या डीव्हीडी ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर बदलून, घरी जाळलेली तबकडी खरी आहे असं त्याच्याकडून वदवून घेणं २००६ मध्येच लोकांना जमलं. मायक्रोसॉफ्टने अशी यंत्रं ऑनलाइन सेवेतून काढायला सुरुवात केली. २००९ च्या नोव्हेंबरमधली मोहीम त्यात सर्वांत गाजली. कधी कधी पुरावा फारच सोपा असे. 'हेलो ४' हा गेम २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये विक्रीला येणार होता, पण त्याच्या प्रती ऑक्टोबरमध्येच बाहेर पडल्या. दुकानात न आलेला गेम कुणी ऑनलाइन येऊन खेळतोय, याहून वेगळी तपासणी काय करायची!

आणखी एक शंका नेहमी विचारली जाते. चोरी लगेच कळते, तर बंदी कधी कधी महिन्यांनी आणि एकदम हजारो जणांवर का येते? समजा, चूक केल्याच्या दुसऱ्या मिनिटाला बंदी आली, तर कोणत्या कृतीमुळे पकडलो हे ओळखून लोक ती टाळायला शिकतील. महिनाभर नोंदी साठवून एकाच दिवशी बंदी घातली, तर कारण शोधणं अवघड होतं. शिवाय मधल्या काळात बिनधास्त झालेले आणखी काही जण त्याच जाळ्यात येतात. 'माझ्या मित्राला काही झालं नाही' हे म्हणणं म्हणूनच भरवशाचं नसतं.

आता तुमचा रीसेट. रीसेटने गेम, फोटो, खाती पुसली जातात. पण कारखान्यात घातलेलं प्रमाणपत्र तसंच राहतं आणि बंदीची यादी तर तुमच्या यंत्रात नसतेच, ती सर्व्हरवर असते. व्हीपीएन वापरूनही उपयोग नाही. त्याने इंटरनेटचा पत्ता बदलेल, यंत्राची ओळख बदलणार नाही. प्रमाणपत्र बदलून देतो असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. ते दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राचं असतं आणि एकच ओळख दोन ठिकाणी दिसली की तीही बाद होऊ शकते. भाच्याने स्वतःचं खातं दुसऱ्या स्वच्छ स्विचवर उघडलं, तर ते सहसा नीट चालेल, कारण ही बंदी यंत्रावर आहे. या यंत्रातही पूर्ण गेम असलेली कार्डं घरच्या घरी खेळता येतील.

कंपनीकडे दाद मागायची झाली तरी बदललेल्या यंत्रावरची बंदी उठेल अशी आशा धरू नका. तुमचं भांडण विक्रेत्याशी आहे. पैसे परत मागा. पुढच्या वेळी जुना स्विच घेताना दुकानातच मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून ई-शॉप उघडून पाहा. २१२४-४००७ हा आकडा पडद्यावर आला, तर यंत्रावर बंदी आहे असं समजा. ई-शॉप उघडला तरी विक्रेत्याकडून बिल आणि महिनाभराची लेखी हमी घ्या, कारण आधीच्या मालकाची नोंद झालेली असेल आणि बंदी अजून यायची असेल, असंही होऊ शकतं.