तीनदा दुरुस्तीला गेलेला नवा फोन

प्रश्न : गेल्या दिवाळीत ठाण्याला गोखले रोडवरच्या एका दुकानातून एकवीस हजारांचा मोबाइल हप्त्यांवर घेतला. डिसेंबरपासून तो मनाला येईल तेव्हा बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. डोंबिवलीतल्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने दोनदा ‘सॉफ्टवेअर मारून’ दिलं. जुलैत तिसऱ्यांदा नेला, तर म्हणाले, आत पाणी गेलंय, हे वॉरंटीत बसत नाही, मदरबोर्डचे साडेनऊ हजार होतील. फोन पाण्यात कधीच पडलेला नाही. दुकानदार म्हणतो, आमचं काम विकण्यापुरतं, तुम्ही कंपनीशी बोला. आता दाद कुणाकडे मागायची? आणि तोवर हप्ते थांबवावेत का?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : हप्ते थांबवू नका. राग समजतो, पण कर्ज फायनान्स कंपनीचं आहे आणि बिघडलेला फोन दुसऱ्याचा. हप्ता चुकला की दंड लागेल, सिबिलही बिघडेल. वर प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेलं तर तिथे समोरचा वकील तुम्हालाच थकबाकीदार म्हणून दाखवेल.

दुकानदाराचं म्हणणं मात्र साफ खरं नाही. सौदा त्याच्याशी झाला, बिल त्याचं, जीएसटीही त्यानेच घेतला. तक्रार करताना दुकानदार, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. कुणाची जबाबदारी किती, ते आयोग ठरवेल, ती वाटणी तुम्ही करत बसू नका. कंपनीचा पत्ता शोधायला लांब जावं लागत नाही. खोक्यावरच्या स्टिकरवर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव आणि पत्ता छापणं वजनमापाच्या कायद्याने सक्तीचं आहे. म्हणूनच खोकं रद्दीत घालू नका असं आम्ही दर वेळी सांगतो.

तुमच्या प्रकरणात खरा जीव आहे तो सर्व्हिस सेंटरच्या तीन जॉबशीटमध्ये, म्हणजे फोन जमा करताना मिळालेल्या कागदांत. पहिल्या दोन काढून शांतपणे वाचा. तुम्ही काउंटरवर जे सांगितलंत ते त्यात लिहिलंय का? बहुतेक ठिकाणी समोरचा मुलगा ‘हँग प्रॉब्लेम’ किंवा नुसतं ‘चेक अँड अपडेट’ असं टाइप करतो आणि आपण घाईत सही करून निघतो. मग वर्षभराने आयोगापुढे आपण म्हणतो की फोन दिवसातून चारदा बंद पडत होता आणि कागद म्हणतो की नेहमीचं अपडेट होतं. कागदाचं ऐकलं जातं. तेव्हा यापुढे दोष आपल्या शब्दांत, तारखेसह लिहून घेतल्याशिवाय फोन हातातून सोडू नका. ‘सर, सिस्टिममध्ये एवढंच बसतं’ असं म्हणाले तर सहीशेजारी पेनाने स्वतः लिहा आणि त्याचा फोटो काढा. फोन परत घेतानाही तसंच. काय केलं, कोणता भाग बदलला, हे लेखी मागा. मदरबोर्ड बदलला असेल तर फोनचा आयएमईआय क्रमांकही बदलतो आणि मग बिलावरचा क्रमांक जुळेनासा होतो. अशा वेळी सर्व्हिस सेंटरकडून नव्या क्रमांकाचं पत्र घेऊन ठेवा. *#06# दाबलं की क्रमांक पडद्यावर येतो, तो बिलाशी आत्ताच ताडून बघा.

आता पाण्याचं. फोनच्या आत कागदाची बारीक चिकटपट्टी असते, काही फोनांत ती सिमच्या खाचेतही दिसते. मूळची पांढरी पट्टी पाणी लागलं की लाल होते. सर्व्हिस सेंटरचा सगळा युक्तिवाद या लाल ठिपक्यावर उभा असतो. पण पट्टी एवढंच सांगते की ओल लागली. कधी लागली आणि फोन त्यामुळेच बंद पडतो का, हे ती सांगत नाही. तुमचा दोष डिसेंबरातला आहे. डिसेंबरात डोंबिवलीत पाऊस नसतो. पहिल्या दोन्ही वेळी त्याच सेंटरने फोन तपासला आणि तेव्हाच्या जॉबशीटवर पाण्याचा उल्लेख नसेल, तर जुलैतली ओल डिसेंबरातल्या बिघाडाचं कारण कशी, हा प्रश्न त्यांना लेखी विचारा. फोन तुमच्यासमोर उघडायला लावा, पट्टीचा फोटो काढा आणि ‘वॉरंटी नाकारली’ हे कारणासह लिहून मागा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. खोक्यावर आयपी ६८ छापलेलं असलं तरी त्यावर फार विसंबू नका. ती चाचणी प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात होते आणि त्याच कंपनीच्या वॉरंटीच्या बारीक अक्षरांत पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. जाहिरातीत पोहणारा फोन वॉरंटीत बुडतो, हा विनोद कंपन्यांनी स्वतःच करून ठेवलाय.

एक मोह टाळा. स्टेशनबाहेर किंवा उल्हासनगरात कुणीतरी ‘हजारात करून देतो’ म्हणेल. करूनही देईल कदाचित, तिथले कारागीर हाताने कुशल असतात. पण बाहेर एकदा फोन उघडला की मूळ दोषाचा पुरावा गेला आणि वॉरंटीही.

मागायचं काय, हे नीट ठरवा. ‘नवा फोन द्या नाहीतर सगळे पैसे’ एवढंच लिहून चालत नाही. मारुती गाडीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटलं होतं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचंच वचन असेल तर ग्राहकाला अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. कंपन्यांचे वकील हा निकाल मोबाइलच्या प्रकरणांतही पुढे करतात. म्हणून मुख्य मागणी व्याजासह किंमत परत किंवा नवा फोन अशी ठेवा आणि दोष मुळातला आहे, तोच पुन्हा पुन्हा आला, हे तिन्ही जॉबशीट जोडून दाखवा. पर्यायी मागणी मोफत मदरबोर्ड आणि त्यावर नव्याने वॉरंटी. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग फोन प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तशी विनंती अर्जातच करा. मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका. एकवीस हजारांच्या फोनपुढे तो आकडा हास्यास्पद दिसतो आणि बाकीच्या मागण्यांचंही वजन घालवतो.

वाट अशी. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवते. पण गल्ल्यावर न हलणारी कंपनी पुष्कळदा इथे हलते. सोबत तिघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. ती स्वतः लिहिली तरी चालते. तेवढ्यावर भागलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग, कल्याण-डोंबिवलीकरांसाठी तोच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. तेव्हापासून ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेच तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती, कंपनी जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथे जावं लागायचं. आता फोन दादरला घेतला काय किंवा बंगळुरूच्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला काय, फेरी ठाण्यापर्यंतचीच. तीही ई-जागृती पोर्टलवरून अर्ज केला तर बरीच वाचते, सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी विनंतीही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, ती तयारी ठेवा. कागद लावायला मदत हवी तर १९७५ पासून हेच काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडे जा, ठाणे-डोंबिवलीत तिचा जुना राबता आहे.

प्रश्न : मी कल्याणला रिक्षा चालवतो. नवा फोन चौथ्या दिवशी बंद पडला. भाडी ॲपवरून घेतो म्हणून दुकानदार म्हणतो, हा धंद्याचा वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही. बिलावर छापलंय, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.
— एक वाचक, कल्याण (पश्चिम)

उत्तर : दोन्ही मुद्दे टिकणारे नाहीत. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने धंद्याची धरली जात नाही. रिक्षावाला, शिवणकाम करणारी बाई, घरोघरी डबे देणारा, हे सगळे ग्राहक. आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती तीस दिवसांची. दुकानदाराने स्वतः छापलेल्या ओळीने कायदा बदलत नाही.

पण तुमच्याकडे भांडायला वेळ नाही, दिवस गेला की भाडी गेली. म्हणून आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि ‘डीओए सर्टिफिकेट’ मागा. घेतल्यावर लगेच बिघडलेल्या फोनसाठी कंपन्यांची ही सोय असते, पुष्कळदा फक्त पहिल्या सात दिवसांसाठी, म्हणून उद्यावर टाकू नका. बिल, खोकं, चार्जर, सगळं घेऊन जा. हे सर्टिफिकेट मिळालं की दुकानदार फोन बदलून द्यायला सहसा खळखळ करत नाही, कारण त्याला तो कंपनीकडून भरून मिळतो.