गोधडीच्या चौकटीत काय शिवावे



करणाऱ्याच्या मनात आधीपासून घर करून असलेली प्रतिमा कापडावर उतरली, की वस्त्रकलेला स्वतःचा अर्थ येतो. हॅरिएट पॉवर्स यांच्या दोन गोधड्यांत हे स्पष्ट दिसते.

पॉवर्स यांचा जन्म १८३७ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत झाला. १८८६ मध्ये त्याच राज्यातील अथेन्स शहरातील प्रदर्शनात त्यांची बायबलमधील प्रसंगांची गोधडी मांडली गेली. जेनी स्मिथ या कलाशिक्षिकेने ती विकत मागितली, तेव्हा पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे तंगीमुळे ती पाच डॉलरला द्यावी लागली. देताना त्यांनी एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथ यांनी तो लिहून घेतला. ही गोधडी आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे.

दुसरी गोधडी बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. तिच्या पंधरा चौकटींत आदाम-हव्वा आणि योना यांच्याशेजारी १८३३ चा उल्कावर्षाव आहे, माणसे गोठवणारी थंडी आहे आणि जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत पळालेली बेट्स नावाची डुकरीणही आहे. उल्कावर्षाव पॉवर्स यांच्या जन्माआधीचा, म्हणजे केवळ ऐकलेला. धर्मग्रंथ, लोकांच्या तोंडची हकीकत आणि भोवतालचे हवामान यांना त्यांनी सारखाच मान दिला.

आकार कापून पायाच्या कापडावर शिवण्याची त्यांची पद्धत अभ्यासक पश्चिम आफ्रिकेतील अबोमेच्या कापडकामाशी ताडून पाहतात. आकृत्या सपाट आहेत. प्रसंग कळतो तो उभे राहण्याच्या ढबीवरून आणि उंचावलेल्या हातांवरून.

शिकणाऱ्याने यातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, नमुन्यांच्या पुस्तकाआधी घरात पुन्हापुन्हा सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आठवाव्यात आणि एका चौकटीत एकच प्रसंग घ्यावा. दुसरी, कापडही विचारपूर्वक निवडावे. महाराष्ट्रात गोधडी जुन्या लुगड्या-धोतरांची होते. आजीच्या लुगड्याचा तुकडा वापरला, तर चित्र काढण्याआधीच तिची आठवण कामात येते. तिसरी, आकार आधी कागदात कापून मांडून पाहावेत. लांबून ओळखू न येणारा आकार सोपा करावा.

काम पुरे झाल्यावर प्रत्येक चौकटीचा अर्थ करणाऱ्याने स्वतः लिहून ठेवावा. पॉवर्स यांचे शब्द कोणी टिपले नसते, तर बेट्सची चौकट आज कोणालाही उलगडली नसती.