बारा खळी

मालवणात आमच्या घरी चहाची पत्ती कायम दुकानातून आली आणि सोलं, म्हणजे रातांब्याची वाळवलेली साल, दारापुढच्या खळ्यातून. पाच वर्षांपूर्वी वाडीतल्या बारा घरांनी सोलं एकत्र विकायची ठरवली आणि हिशेबाची वही माझ्याकडे आली. तेव्हापासून जे उमगत गेलं, ते हे.

१. प्रत्येकाचं स्वतःचं खळं होतं, हीच आमची अडचण होती. चहावाल्यांचं उलट. नीलगिरीतल्या छोट्या चहा-शेतकऱ्याने खुडलेला पाला त्याच दिवशी कारखान्यात पोचावा लागतो, नाहीतर तो ढिगातच तापून वाया जातो. किलोभर चहाला चार-साडेचार किलो ओला पाला जातो. त्यासाठी एकट्याने यंत्रं कुठून आणायची? म्हणून तिथे १९६२ साली कुंद्याला सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९६५ साली अशा कारखान्यांचा संघ, ‘इंडकोसर्व्ह’. आम्हाला मात्र मीठ आणि ऊन पुरतं. रातांबा फोडायचा, साल त्याच्याच रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. शेजाऱ्याची गरजच पडत नाही. मग मे महिन्यात व्यापारी दारात येतो तेव्हाही आपण एकटेच असतो आणि आभाळ भरून आलेलं असतं. पावसाच्या भीतीने किती वर्षं पडेल तो भाव घेतला, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

२. माल एकत्र झाला की चुकाही एकत्र होतात. पहिल्या वर्षी माझी सोलं वरून कोरडी होती, आत ओल होती. दाबून बघितली असती तर कळलं असतं. मी घाईने दिली. जूनमध्ये तीन पोत्यांना बुरशी आली आणि पैसे बाराही घरांचे कापले गेले. मला कोणी शब्दाने बोललं नाही. शेजारच्या काकी एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वर्सा माज्या खळ्यात घाल. थंय दिसभर ऊन ऱ्हवता.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

३. रातांब्याचं झाड घाई चालू देत नाही. बाबांनी बियांपासून दहा रोपं लावली, उन्हाळाभर कळशीने पाणी घातलं. आठव्या वर्षी फुलं आली तेव्हा कळलं, सहा झाडं नर. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुलं येईपर्यंत ते ओळखता येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ची कलमं मी नंतर आणली. बाबांची नर झाडं मात्र मला तोडवली नाहीत.

४. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला, म्हणजे आमच्या रातांब्याला, भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झालाच. पण मानांकन माल कुठला ते सांगतं. तो नीट वाळलाय का, ते आमच्या बोटांनाच बघावं लागतं.

५. माझं-तुझं कधी सुटतं, ते ठरवून होत नाही. गेल्या मे महिन्यात दुपारी चारला अचानक गडगडलं. बाराही खळ्यांत सोलं पसरलेली. जो जिथे होता तिथली गोळा करायला धावला. माझी कोणी उचलली मला माहीत नाही, मी काकींची भरत होते. संध्याकाळी सगळ्या टोपल्या एका पडवीत आल्या आणि कुठली कुणाची ते कोणालाच सांगता येईना. वहीत बारा नावांसमोर बारा रकाने आखलेले होते. त्या दिवशी मी ते सोडून खाली एकच वजन लिहिलं.