दुकानात गेलेला माल आणि विकला गेलेला माल

वस्तू निर्माण झाल्यापासून ती उपभोक्त्याच्या हाती पडेपर्यंत ज्या ज्या हातांतून जाते, त्या हातांच्या साखळीला वितरण म्हणतात. या साखळीतून वस्तू ज्या दिशेने जाते, त्याच्या उलट दिशेने पैसा परत येणे अपेक्षित असते. वितरणाची ही दुसरी बाजू, म्हणजे पैशाचा परतीचा प्रवास, बहुतेक नवउद्योजकांच्या नजरेतून सुटते आणि वस्तू उत्तम असूनही उद्योग बंद पडण्याचे ते एक मोठे कारण ठरते. जेरोम मॅकार्थी या अमेरिकी अभ्यासकाने १९६० मध्ये विपणनाची वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी अशी चार अंगे मांडली व जगभरच्या पाठ्यपुस्तकांनी ती उचलून धरली. कोकणातील लघु अन्नप्रक्रिया उद्योगांचे हिशोब दीर्घकाळ पाहिल्यावर प्रस्तुत लेखकाचे मत असे बनले आहे, की या चारांपैकी वस्तूविषयी आपल्याकडे सर्वाधिक बोलले जाते, किमतीविषयी घाईने बोलले जाते आणि वितरणाविषयी पहिला तोटा झाल्याखेरीज कोणी बोलत नाही.

विपणन आणि विक्री या दोन गोष्टी प्रथम वेगळ्या करणे आवश्यक आहे. तयार वस्तू गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणे ही विक्री होय. गिऱ्हाइकाची गरज, त्याची शंका, त्याची ऐपत आणि त्याची खरेदीची वेळ जाणून घेऊन त्याप्रमाणे वस्तू, किंमत आणि पोच यांची आखणी करणे हे विपणन होय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवला तेव्हा तो लाकडी नांगरापेक्षा सरस असूनही शेतकरी त्याला हात लावीनात, कारण लोखंडामुळे जमीन नासते असा समज रूढ होता. तेथे अडचण वस्तूच्या दर्जाची नसून विश्वासाची होती आणि किंमत कमी करून ती सुटणारी नव्हती. पुढे १९२० मध्ये कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक आकाराला आले आणि एका कारखान्याच्या प्रसिद्धिपत्राने मराठी वाचकाच्या घरात कायमची जागा मिळवली. गिऱ्हाइकाची खरी अडचण ओळखण्यासाठी किती काळ थांबावे लागते, हे त्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येतून होत नाही.

नव्या उद्योजकाला मागणीचा पहिला अंदाज बहुधा प्रदर्शनातून येतो. पुण्यातील भीमथडी जत्रा किंवा मुंबईतील महालक्ष्मी सरस यांसारख्या मेळाव्यांत मालाला उठाव असतो, छापील किंमत पूर्ण मिळते, पैसे तत्काळ हाती येतात आणि गिऱ्हाईक समोर उभे राहून चवीची वाखाणणी करते. हे मेळावे बचत गटांसाठी अत्यंत मोलाचे आहेत, याविषयी दुमत नसावे. परंतु तेथील विक्रीवरून वर्षभराच्या मागणीचा आडाखा बांधणे धोक्याचे असते, कारण मेळाव्यात येणारा माणूस खरेदीच्या मनःस्थितीतच येतो आणि बनवणाऱ्याशी बोलून बाटली घेतो, तर दुकानाच्या फळीवर तीच बाटली दहा इतर बाटल्यांच्या रांगेत मुकी उभी असते. मागणीची खरी कसोटी पहिली खरेदी नसून दुसरी खरेदी असते, आणि ती मेळाव्यात मोजता येत नाही.

सिंधुदुर्गातील एका कोकम प्रक्रिया उद्योगाचे उदाहरण येथे विस्ताराने पाहण्यासारखे आहे, कारण त्याचे हिशोब प्रस्तुत लेखकाने आरंभापासून पाहिले आणि त्यातील प्रत्येक टप्प्यावर एकेक संकल्पना प्रत्यक्षात उतरलेली दिसली. पतिपत्नींनी मिळून चालवलेल्या या उद्योगात आगळ, अमृत कोकम आणि आमसुले तयार होत. कोकमाचे फळ साधारण एप्रिल-मे महिन्यांत उतरते आणि पाऊस सुरू होण्याआधी ते गोळा करून त्यावर प्रक्रिया करावी लागते. शहरांतील सरबताची मागणीही मार्च ते मे याच काळात असते. परिणामी या हंगामात केलेल्या मालाचा मोठा भाग पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवावा लागतो, म्हणजेच फळ, साखर, बाटल्या आणि मजुरी यांत घातलेला पैसा जवळजवळ दहा महिने अडकून पडतो. कच्चा माल घेण्यापासून विक्रीचे पैसे परत येईपर्यंत उद्योग चालू ठेवणाऱ्या अशा पैशाला खेळते भांडवल म्हणतात. यंत्रासाठी कर्ज काढताना माणूस शंभरदा विचार करतो, पण खेळत्या भांडवलाची गरज त्याने कागदावर मांडलेलीच नसते, असे वारंवार आढळते.

या उद्योगाला मेळाव्यांनंतर पुण्यातील एक वितरक मिळाला. वितरक म्हणजे उत्पादकाकडून घाऊक माल घेऊन ठरलेल्या भागातील किरकोळ दुकानदारांना तो पुरवणारा व्यापारी. त्याने जानेवारी-फेब्रुवारीत अपेक्षेपेक्षा बराच अधिक माल उचलला, बिले झाली, विक्रीखात्यात मोठे आकडे दिसू लागले आणि त्या आकड्यांच्या भरवशावर बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल करता येणाऱ्या कर्जखात्यातून, पैसे घेऊन एप्रिलमध्ये फळांची व साखरेची वाढीव खरेदी झाली. जून उजाडला, पाऊस लागला आणि सरबताचा खप थांबला. जुलैत न खपलेल्या बाटल्या परत येऊ लागल्या, काही गळक्या, काही मुदत संपत आलेल्या. वितरकाकडील येणे महिनोन्महिने रखडले, आणि तोवर बँकेची उचल मर्यादेला टेकून तिचे व्याज दरमहा चढत होते.

या घटनेकडे फसवणूक म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. व्यापारात उत्पादकाने वितरकाला केलेल्या विक्रीला प्रायमरी सेल आणि वितरकाने दुकानदाराला केलेल्या विक्रीला सेकंडरी सेल म्हणतात. दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे जाणारी विक्री ही त्यापुढची पायरी होय. हिशोबाच्या वहीत पहिल्या विक्रीचीच नोंद होते, मात्र मागणीचे अस्तित्व केवळ शेवटच्या विक्रीने सिद्ध होते. हंगामापूर्वी वितरकाने जास्त माल उचलला, तर तो गिऱ्हाइकाने विकत घेतला असे होत नाही, तो फक्त एका गोदामातून दुसऱ्या गोदामात गेलेला असतो. वितरकाला सवलती देऊन साखळीत माल दाटीने भरणे हा ढकलण्याचा मार्ग झाला, तर गिऱ्हाइकाने दुकानात येऊन नाव घेऊन वस्तू मागणे ही ओढ झाली. ओढ निर्माण झालेली नसताना ढकललेला माल पावसाळ्यात परतीच्या वाटेला लागतोच.

किमतीची आकडेमोड हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग असल्याने तो सावकाश पाहावा लागेल. समजा, एका बाटलीची छापील किंमत १०० रुपये आहे आणि सोयीसाठी कर बाजूला ठेवले आहेत. दुकानदाराला छापील किमतीवर २० टक्के द्यायचे ठरले, तर तो ती बाटली ८० रुपयांना घेईल. वितरकाला त्याच्या विक्री किमतीवर १० टक्के दिले, तर उत्पादकाला ७२ रुपये मिळतील. येथे एक घोटाळा नेहमी होतो: ८० रुपयांना घेऊन १०० रुपयांना विकणाऱ्याचा नफा विक्रीवर मोजला तर २० टक्के होतो आणि खरेदीवर मोजला तर २५ टक्के, म्हणून बोलणी करताना टक्के कशावर हे आधी लिहून घेतले पाहिजे. त्यानंतर ‘दहावर एक मोफत’ ही योजना आली, की ७२० रुपयांत अकरा बाटल्या जातात आणि प्रत्येकीमागे सुमारे ६५ रुपये ४५ पैसेच हाती येतात. वाहतुकीचे ४ आणि फुटतूट व परत आलेल्या मालाचे ३ रुपये वजा केले, तर ५८ रुपये ४५ पैसे उरतात. बाटली तयार करायला ५० रुपये लागत असतील, तर साडेआठ रुपयांच्या आत शिल्लक राहते, आणि पैसे चार महिन्यांनी मिळाले व बँकेचे व्याज वार्षिक १२ टक्के असले, तर त्यातून आणखी सुमारे अडीच रुपये जातात. मेळाव्यात त्याच बाटलीमागे ५० रुपये सुटल्यासारखे वाटले होते. शिवाय त्या ५० रुपयांच्या उत्पादन खर्चात घरच्या बाईच्या कष्टांची मजुरी बहुधा धरलेलीच नसते. ती धरली, तर अनेक घरगुती उद्योग मुळातच तोट्यात चाललेले दिसतील, आणि हे सत्य वेळीच समोर येणे हे त्या बाईवरील अन्याय टाळण्यासाठीही गरजेचे आहे.

म्हणून छापील किंमत ठरवताना उत्पादन खर्चात नफा मिळवून थांबणे चुकीचे ठरते. गिऱ्हाईक जी किंमत देऊ शकेल तिच्यापासून उलट मोजत, प्रत्येक हाताचा वाटा, योजना, परत येणारा माल आणि उधारीचे व्याज वजा करत उत्पादकापर्यंत यावे लागते. शेवटी उरणाऱ्या रकमेत वस्तू बनवता येत नसेल, तर ती वस्तू दुकानांच्या साखळीतून विकण्याजोगी नाही असे समजून थेट विक्रीचा विचार करावा.

उधारीच्या मोजमापाचे साधन अगदी साधे आहे. एकूण येण्याला वर्षाच्या उधार विक्रीने भागून ३६५ ने गुणले, की सरासरी वसुली किती दिवसांनी होते ते कळते. वर्षाची उधार विक्री २४ लाख आणि येणे ६ लाख असेल, तर हा काळ सुमारे ९१ दिवसांचा होतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. करारात मुदत नसेल तर ती १५ दिवसांची असते आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात केलेल्या दुरुस्तीमुळे, या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही, हेही उत्पादकाच्या पथ्यावर पडणारे आहे. या संरक्षणासाठी ‘उद्यम’ ही अशा उद्योगांची सरकारी नोंदणी पुरवठा सुरू होण्यापूर्वीच केलेली असावी आणि बिलावर तिचा क्रमांक छापलेला असावा. तथापि एकुलत्या एका वितरकावर अवलंबून असलेला उत्पादक कायद्याचा आधार घेण्यास कचरतो, हे प्रस्तुत लेखकाने पुनःपुन्हा पाहिले आहे. हक्क वापरण्याचे बळ दुसरा खरेदीदार हाताशी असल्यावरच येते.

आता व्यवस्थापनाविषयी. फ्रान्समधील खाण उद्योगात आयुष्य घालवलेल्या आंरी फायोल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण ही कार्ये सांगितली. लघुउद्योगात पहिली चार कशीबशी पार पडतात, नियंत्रण मात्र मागे राहते. नियंत्रण म्हणजे ठरवलेले आणि घडलेले यांतील अंतर ठरावीक वेळाने मोजून त्यावर कृती करणे. वर उल्लेखिलेल्या उद्योगात वितरकाच्या गोदामात आणि निवडक दुकानांत किती बाटल्या शिल्लक आहेत याची दर पंधरवड्याला मोजणी झाली असती, तर मार्चअखेरीस खप कळला असता आणि एप्रिलची फळखरेदी निम्म्यावर आणता आली असती. पुढे त्या पतिपत्नींनी हेच केले. पुण्यातील एका तरुणाला मोजणीसाठी अर्धवेळ नेमले आणि त्याचा खर्च पहिल्याच हंगामात भरून निघाला.

याच संदर्भात लिज्जत पापडचा विचार उपयुक्त ठरतो. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे; पण तिच्यातील स्त्रीशक्तीचा गौरव करताना रोजचे पीठ, रोजचे पापड आणि रोजची मजुरी या शिस्तीकडे फारसे लक्ष जात नाही. काम दररोज मोजले जाते, त्याचा मोबदला दररोज चुकता होतो, म्हणून दोष असेल तर तो साचून राहत नाही.

नव्याने वितरणात उतरणाऱ्याने पहिल्या वर्षी संपूर्ण शहराचा मोह टाळून, स्वतः किंवा घरातील कोणी आठवड्यातून एकदा फिरू शकेल एवढाच भाग निवडावा. तीस दुकानांत वरचेवर मागवला जाणारा माल हा तीनशे दुकानांत एकदा ठेवलेल्या मालापेक्षा अधिक मोलाचा असतो, कारण त्या तीस दुकानदारांच्या अनुभवावर पुढचा वितरक अधिक चांगल्या अटींवर मिळतो. वितरकाची निवड करताना तो आणखी कोणाचा माल विकतो, त्याची गाडी कोणत्या दिवशी कोणत्या भागात जाते आणि जुन्या उत्पादकांना तो किती दिवसांत पैसे देतो, हे त्या उत्पादकांनाच विचारून घ्यावे.

करार छोटा असला तरी लेखी असावा आणि त्यात परत येणाऱ्या मालाचे कलम सर्वांत स्पष्ट असावे. वाहतुकीत फुटलेला, उत्पादनाच्या दोषामुळे खराब झालेला आणि केवळ न खपल्यामुळे राहिलेला, असे परत येणाऱ्या मालाचे तीन प्रकार असून प्रत्येकाची जबाबदारी वेगळी ठरवावी लागते. वितरकाने हंगामापूर्वी मोठी मागणी नोंदवली, तर तीन हप्त्यांत माल द्यावा आणि आधीच्या हप्त्याचे पैसे व दुकानांतील शिल्लक मालाचा तपशील आल्याशिवाय पुढचा हप्ता पाठवू नये. तसेच मुदत संपण्यास किती महिने उरलेले असताना माल परत घेतला जाईल, हे करारात महिन्यांच्या आकड्यात लिहावे, कारण तीन महिने मुदत उरलेली बाटली दुसऱ्या बाजारात विकता येते, तर पंधरा दिवस उरलेली बाटली केवळ फेकण्यासाठी गावी परत येते आणि तिच्या परतीचे भाडेही उत्पादकालाच भरावे लागते.