चाचांचा परदेश

(भिवंडीच्या एका कामगाराने थोड्या पैशांत केलेल्या परदेशप्रवासाची ही हकिकत त्याचा पुतण्या सांगत आहे.)

चाचांनी भिवंडीत तीस वर्षे यंत्रमाग चालवला. मग तो कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले आणि चाचांनी कायमचे गावी परतायचे ठरवले. मी तेव्हा नववीची परीक्षा दिली होती. आमच्या कल्याणच्या खोलीत चाचांनी हिशेबाचे पैसे अब्बांच्या हाती ठेवले. सहा हजार रुपये मात्र स्वतःजवळ राखले.

"हे कशासाठी?" अब्बांनी विचारले.

"परदेशी जायचे आहे. काठमांडूला. बेगम हजरतमहल यांची कबर पाहायची आहे. लहानपणी आजोबांकडून त्यांच्या किती गोष्टी ऐकल्या!"

अब्बा रागावले. परदेश म्हणजे विमान, पासपोर्ट आणि लाखभर रुपये, असे त्यांना वाटे. शिवाय घरात पैशांची चणचण होती. चाचा हळू आवाजात म्हणाले, "गावी जायचे भाडे तर दरवर्षी होतेच. आपल्या गावापासून सरहद्द किती लांब आहे, भाईजान? तीस वर्षांत एवढे तरी मला खर्चू द्या."

अब्बा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला चाचांच्या सोबतीला दिले.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. १९५० साली झालेल्या तहाने दोन्ही देशांतील लोकांना ये-जा करण्याची मोकळीक आहे. ओळखीचा कागद मात्र हवा. चाचांजवळ मतदार ओळखपत्र होते. माझ्यासाठी त्यांनी मुख्याध्यापकांकडून दाखला घेतला.

कल्याणहून गोरखपूरला जाणारी गाडी आमच्या नेहमीच्या ओळखीची. महाराजगंज जिल्ह्यातील आमच्या गावी चार दिवस राहिलो आणि नौतनव्याहून सोनौलीला पोहोचलो. खांद्यावर एकेक पिशवी. तिच्यात चादर, कपड्यांचा एक जोड आणि चाचीने दिलेला सातू. सरहद्दीवरची कमान आम्ही पायीच ओलांडली. वीस पावलांत देश बदलला! घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागले. शंभर रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये हाती आले, तेव्हा चाचा हसून म्हणाले, "पाहिलेस, आल्या आल्या श्रीमंत झालो!"

पहिला मुक्काम लुंबिनीत, यात्रेकरूंना थोड्या देणगीत उतरू देणाऱ्या एका विहारात. जेवण शाकाहारी असल्याने खाण्याची चिंता नव्हती. तेथे अशोकाचा स्तंभ आहे आणि त्यावर ब्राह्मी लिपीतील लेख आहे. आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यातील सोपाऱ्यालाही अशोकाचा लेख सापडला आहे, हे मला आठवले. अशोकाची माणसे एवढी लांब कशी गेली असतील?

काठमांडूची बस नारायणगढच्या पुढे अडकली. रात्रीच्या पावसात दरड कोसळली होती. खाली नदीचा आवाज येत होता. मी घाबरलो. शेजारच्या एका नेपाळी बाईने पदरातले पोहे माझ्या हातावर ठेवले. चाचांनी तिच्या मुलाला सातू दिला. भाषा कोणालाच नीट येत नव्हती. पहाटे रस्ता मोकळा झाला.

काठमांडूत घंटाघराजवळ जामा मशीद आहे. तिच्या आवारात बेगमची कबर आहे. मला वाटले होते, मोठा मकबरा असेल. कबर अगदी साधी निघाली. १८५७ साली लखनौत इंग्रजांशी लढलेल्या बेगमने नेपाळात आश्रय घेतला आणि १८७९ साली तेथेच देह ठेवला. नानासाहेब पेशवेही पराभवानंतर नेपाळातच गेले होते. चाचांनी फातिहा पढला आणि ते बराच वेळ उभे राहिले.

"आजोबांना इथे यायचे होते," एवढेच ते म्हणाले.

परतीचे भाडे बाजूला काढल्यावर दोनशे रुपये उरले. त्यांतून चाचांनी अब्बांसाठी एक नेपाळी टोपी घेतली. अब्बांनी ती ईदच्या दिवशी घातली.

शब्दार्थ : चणचण – टंचाई, सरहद्द – सीमा, मुक्काम – वस्ती, दरड – डोंगराचा तुटणारा कडा.

स्वाध्याय
१. अब्बा का रागावले?
२. चाचांनी प्रवासाचा खर्च कसा कमी ठेवला?
३. 'सरहद्द', 'मुक्काम' यांसारखे उर्दूतही असलेले पाच मराठी शब्द लिहा.