लॅपटॉप कोणता, हा प्रश्न दुसरा

धानाचे चुकारे खात्यात यायला लागले की मला पालकांचे फोन वाढतात. परवा मोहाडी तालुक्यातल्या एका गृहस्थांचा आला. "सर, पोरगा म्हणते ॲपलचाच पायजे. चुकारे आले का घेऊन देतो, पण लागतेच का तो?" मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. मी म्हटलं, त्याचं प्रोजेक्टचं काम सध्या कुठे ठेवलंय, तेवढं विचारा. त्यांनी फोनच मुलाच्या हातात दिला. मुलगा म्हणाला, "पेन ड्राइव्हमध्ये."

मग लॅपटॉपचं नंतर बघू, म्हटलं.

हा पेन ड्राइव्ह कॉलेजच्या लॅबमधल्या विंडोजवर लागतो, मित्राच्या उबुंटूवर, म्हणजे लिनक्सवर लागतो, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जातो आणि तिथून शॉर्टकट व्हायरस घेऊन घरी येतो. गटात चार मुलं असतील तर चार पेन ड्राइव्ह, आणि खरा प्रोजेक्ट कोणत्या ड्राइव्हमध्ये आहे हे परीक्षेच्या आदल्या रात्री ठरतं. कंपनीत असं चालत नाही. तिथे काम सर्व्हरवर असतं आणि त्या सर्व्हरवरच्या व्यवस्थेला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. सध्या त्यातलं सर्वांत चलनी नाव गिट. मुलाच्या तोंडी 'गिटहब' ऐकलं असेल, तर ते गिटवरचं काम ठेवण्याचं एक ठिकाण.

हे पालकांना समजावायला मला इंग्रजी शब्द लागत नाहीत. ज्यांच्या नावावर एखादी बांधी आहे, त्यांना सातबारा माहीत असतो आणि फेरफारही. सातबारा सांगतो की आज जमीन कोणाची. ती त्याच्याकडे कशी आली, हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत सापडतं: नोंदीचा क्रमांक, तारीख, बदलाचं कारण. तलाठी नोंद घेतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण ६-अ मध्ये, वादग्रस्त नोंदींत जातं. गिटमध्ये हुबेहूब हेच आहे. प्रत्येक 'कमिट' म्हणजे एक फेरफार: कोणी, कधी, काय बदललं आणि का. तो बदल मुख्य प्रतीत घ्यावा म्हणून केलेली विनंती म्हणजे नोटीस. ज्येष्ठ सहकारी वाचतो, हरकती काढतो, मग मंजूर करतो. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली की 'कॉन्फ्लिक्ट', म्हणजे आपलं ६-अ. आणि चुकलेली नोंद खरवडून काढायची नसते, दुरुस्तीची नवी नोंद घालायची असते.

फरक एकच, पण मोठा. गिटमध्ये नोंदवही फक्त कचेरीत नसते, प्रत्येकाकडे तिची पूर्ण प्रत असते. लाखांदूरकडच्या एखाद्या गावात रेंज नसली तरी मुलगी रात्री चार कमिट करून ठेवू शकते आणि सकाळी नेटवर्कमध्ये आल्यावर सर्व्हरवर चढवू शकते. याआधीच्या सबव्हर्जन या व्यवस्थेत नोंद घालायची तर सर्व्हरशी जोडलेलं असावंच लागतं. काही जुन्या कंपन्यांत सबव्हर्जन अजून चालतं, त्यामुळे ते नाव कानावरून गेलेलं बरं. गिट हे लिनक्सचा कर्ता लिनस टॉरव्हाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं, कारण लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या व्यवस्थेची फुकट सोय बंद झाली होती. गरजेपोटी, घाईत झालेलं हत्यार आहे ते. त्याच्या आज्ञा थोड्या आडमुठ्या वाटतात, त्याचं कारण मला तरी तेच वाटतं.

आता ॲपल की विंडोज. सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो आणि समोरच्याचं मशीन कोणतं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पण मशिनी आपापल्या सवयी बरोबर घेऊन येतात, आणि नवशिक्याची पहिली ठेच तिथेच लागते.

पूर्वी टायपिंगचा क्लास केलेल्या पालकांनी आठवून बघावं. ओळ संपली की घंटी वाजायची, मग डावीकडचा दांडा सरकवायचा. त्या एका हिसक्यात दोन कामं व्हायची: गाडी ओळीच्या सुरुवातीला परत जायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा. विंडोज आजही प्रत्येक ओळीच्या शेवटी ही दोन्ही चिन्हं लिहितं. लिनक्स आणि आताचे मॅक फक्त कागद सरकवतात. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

मला हे फुकट शिकायला मिळालं नाही. नागपुरात पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा विंडोजवर एक छोटी स्क्रिप्ट लिहून सर्व्हरवर चढवली. लिनक्सने सांगितलं, अशी फाइलच नाही. फाइल डोळ्यांसमोर, आणि सर्व्हर म्हणतो नाही. तीनदा पुसून पुन्हा चढवली, रात्रीचे अकरा वाजवले. सकाळी शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी लपलेली चिन्हं दाखवणारी एक आज्ञा दिली, तर पहिल्या ओळीच्या शेवटी टोपी घातलेला इंग्रजी एम उभा. तो विंडोजचा उरलेला दांडा. लिनक्स त्या एमसकट नाव वाचत होतं आणि तसल्या नावाचा प्रोग्राम खरोखरच कुठे नव्हता. ताईंनी प्रोजेक्टमध्ये 'गिटॲट्रिब्यूट्स' नावाची फाइल घातली: मजकुराच्या फाइली सर्व्हरवर लिनक्सच्या रीतीने राहतील, स्क्रिप्ट कुठेही उतरवली तरी त्याच रीतीने उतरेल. दोन ओळी. विंडोजवर गिट बसवताना याच विषयावर एक पडदा तीन पर्याय विचारतो. बहुतेक मुलं तो न वाचता पुढे जातात.

दुसरी ठेच नावांची. विंडोज आणि मॅक साधारणपणे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करत नाहीत, लिनक्स करतं. घरी चाललेली वेबसाइट सर्व्हरवर फोटोविना दिसते ती यामुळे. 'कॉन', 'ऑक्स', 'नल' ही नावं विंडोजने डॉसच्या काळापासून स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. लिनक्सवर त्या नावाची फाइल सहज होते आणि विंडोजवाल्याकडे उतरताना अडते.

तिसरी खास आपली. फाइलचं नाव द्या 'शेतकऱ्यांची यादी'. गिट त्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असले आकडे दाखवेल. घाबरायचं कारण नाही, एक सेटिंग बदललं की मराठी दिसतं. गंमत पुढे आहे. या नावातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. जुन्या मॅकची फाइल व्यवस्था ते अक्षर फोडून ठेवायची. दिसायला नाव तेच, पण गिटच्या लेखी दोन वेगळ्या फाइली. २०१२ मध्ये गिटमध्ये यावर उपाय आला. ज्या मुलाला ही भानगड कळते, त्याला मराठी माहितीवर चालणाऱ्या कामात कोणीतरी ऐकून घेतं. अशी कामं आहेत. आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हा देवनागरी फॉन्ट गिटहबवर खुला आहे, कोणीही उतरवून बघावा.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. 'मला गिट येतं' एवढ्यावर कोणी नोकरी देत नाही. सुताराने करवत धरता येते म्हणण्यासारखं आहे ते. पण नागपूरच्या मिहानमधली टीसीएस, एचसीएल असो की पुण्यातली दहा माणसांची कंपनी, पहिल्या दिवशी सर्व्हरवरून काम उतरवून घ्यायला सांगतात, आणि ज्याला ते जमत नाही त्याचे पहिले काही आठवडे त्यातच जातात. याच विषयाचं पुढे करिअरही होतं: बिल्ड आणि रिलीज, डेव्हऑप्स, सिस्टिम ॲडमिन. तीन प्रकारच्या मशिनींवर एकच काम चालवून दाखवणं हीच ती रोजी. त्यासाठी बीई लागतंच असं नाही. बीसीए किंवा बीएस्सीचा मुलगाही तिथे पोहोचतो, फक्त लिनक्सची भीती गेलेली हवी. आता कोड लिहून द्यायला एआय आहे, तेव्हा दुसऱ्याने केलेला बदल ओळ न ओळ वाचून हरकत काढणाऱ्या माणसाचं महत्त्व वाढेल असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

पैशाचं. गिट फुकट आहे. 'प्रो गिट' हे पुस्तक इंटरनेटवर फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि गिटचे धडे आहेत, लिनक्सचे मराठीतही. केवळ गिटच्या सर्टिफिकेटसाठी कोणी हजारोंनी फी मागत असेल तर भरू नका. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट सरकारी अर्जाला लागतं म्हणून आपण करतो, इथे तसा अर्ज नाही. मुलाखत घेणारा थेट मुलाचं खातं उघडून तारखा बघतो. वर्षभर सुटे सुटे कमिट आहेत की मुलाखतीच्या आदल्या दिवशी चाळीस, हे त्याला एका नजरेत कळतं. आणि पासवर्ड चुकून सर्व्हरवर गेला तर नुसती फाइल पुसून भागत नाही, जुन्या नोंदीत तो राहतो. तो आधी बदलायचा.

कॉलेजला ॲडमिशन घेताना इमारतीबरोबर लॅबही बघा आणि विचारा: मुलांचे प्रोजेक्ट सर्व्हरवर राहतात का? नसतील तर धूळ खात पडलेल्या एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून गिटचं सामायिक भांडार एका दुपारी उभं राहतं. शिकवायला प्राध्यापक नसतील तर दोन मुलंही करतील.

मोहाडीच्या त्या मुलाला मी एक काम दिलं. प्रोजेक्ट सर्व्हरवर चढव, मग मित्राच्या उबुंटूवर कोऱ्या फोल्डरमध्ये उतरवून चालवून दाखव. पेन ड्राइव्ह खिशातून काढायचा नाही. चौथ्या दिवशी वडिलांचाच फोन. "सर, तो म्हणते चालत नाही, कायचा तरी एम दिसते."

मी म्हटलं, मुलाला द्या फोन. आणि लॅपटॉप सेकंडहँड बघा, आठ जीबी रॅमचा.